तेरड्याची गौर घरच्या अंगणातून: बी धरण्यापासून विसर्जनानंतरच्या रोपापर्यंत

गौरी यायच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईबाहेर तेरड्याच्या जुड्या येऊन पडतात. मुळांना लाल माती तशीच चिकटलेली, देठ चेंबलेले, पानं मलूल. काही वर्षांपूर्वी अशी एक जुडी घरी आणून मी मुळं धूत बसले होते आणि सहज झाडं निरखायला लागले. सहा झाडं होती. फुलं सगळ्यांना होती, कळ्याही होत्या, पण पिकलेलं बोंड एकालाही नव्हतं.

तेरडा वर्षायू आहे. त्याला गड्डा नाही, कंद नाही, पुढच्या वर्षी फुटेल असं खोड नाही. पावसाळा संपला की झाड मरतं आणि मागे राहतं ते फक्त बी. बी पडायच्या आत झाड मुळासकट उपटलं, की त्या झाडाचा वंश तिथेच खुंटला. आणि गौर तर मुळासकटच लागते, कारण मुळं ही तिची पावलं. माझ्या आजोळी संगमेश्वरकडे ही गौर पऱ्ह्याच्या, म्हणजे छोट्या ओढ्याच्या, काठावरून आणायचे. तिथे तेरडा इतका असायचा की चार झाडं काढली तरी जागा रिकामी दिसायची नाही. शहराला पुरवायचा तेरडा मात्र भाऱ्यांनी उपटला जातो.

तेव्हापासून आमची गौर गॅलरीतल्या कुंड्यांतून येते. हे काम कठीण नाही, फक्त ते तेरड्याच्या वेळापत्रकाने करावं लागतं. गेल्या काही वर्षांत जे चुकत चुकत शिकले, ते इथे क्रमाने सांगते.

आधी झाड ओळखा

आपल्याला हवा तो रानतेरडा, शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत घाटरस्त्यांच्या कडेला, ओढ्याकाठी, डोंगरउतारावरच्या ओल्या गवतात तो दिसतो. उंची साधारण गुडघ्यापर्यंत, जागा चांगली मिळाली तर मांडीपर्यंत. खोड जाड, रसरशीत, उन्हापुढे धरलं तर आरपार उजेड दिसावा असं, आणि पेरांवर थोडं फुगलेलं, बऱ्याचदा लालसर. पानं लांबट, टोकदार, कडेला करवतीचे दाते. फुलं पानांच्या बेचक्यात येतात, शेंड्यावर तुऱ्यासारखी नाही. रंग बहुतेक गुलाबी, क्वचित जांभळट किंवा पांढरा.

फूल उलटं करून पाहा. मागे एक बारीक, वळलेली नळी दिसेल. मध तिच्यात असतो. ही नळी बहुतेक सगळ्या तेरड्यांना असते, म्हणून ती दिसली की घराणं ओळखता येतं. पुढे कुळं मात्र बरीच आहेत. कास पठारावर सप्टेंबरात जो वीतभर उंचीचा तेरडा सडाच्या सडा गुलाबी करून टाकतो, ती वेगळी जात, इम्पेशन्स लॉई, आणि ती फक्त सह्याद्रीच्या उत्तर भागातच सापडते. पिवळ्या फुलांचा इम्पेशन्स डालझेली हाही इथलाच, जगात दुसरीकडे कुठे नाही. धबधब्याशेजारच्या ओल्या कातळाला चिकटून वाढणारा पाणतेरडा तर वर्षायूही नाही. त्याला जमिनीत गड्डा असतो आणि दर पावसाळ्यात तो त्यातूनच फुटतो. या तिघांपैकी कुणाचंही बी किंवा रोप घरी आणू नका. त्यांना त्यांचा कातळ, त्यांचा वारा आणि त्यांचं धुकं लागतं. कुंडीत ती जगत नाहीत आणि डोंगरावरून मात्र कमी होतात. कासला तर काहीही तोडायला किंवा उपटायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

नर्सरीत ‘इम्पेशन्स’ म्हणून बारा महिने फुलणारी, चपट्या फुलांची, रुंद पानांची जी झाडं मिळतात, ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. गॅलरीत छान दिसतात, पण तो आपला तेरडा नव्हे.

बी कुठून घ्यायचं

सगळ्यात चांगलं बी ओळखीच्या घरच्या परसातलं. गावाकडे कुणाच्या विहिरीपाशी, गोठ्यामागे, न्हाणीच्या पाण्यावर तेरडा आपोआप उगवलेला असतो. ते नसेल तर रस्त्याकडेच्या दाट ताटव्यातून थोडं घ्या. मी एका झाडाची दोन-तीनच बोंडं घेते आणि आठ-दहा झाडांवर थांबते. एका बोंडात भरपूर बिया असतात, एवढ्यात घरापुरती रोपं होऊन उरतात.

वेळ सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची. घाई केली तर बी कच्चं निघतं, उशीर झाला तर बोंडं रिकामी. पिकलेलं बोंड कसं ओळखायचं, हे एकदा नीट बघून ठेवा. कोवळं बोंड गर्द हिरवं, घट्ट आणि लवदार असतं. पिकत आलं की हिरवेपणा ओसरून त्यावर पिवळसर झाक येते, मधला भाग टरटरून फुगतो आणि अंगावरच्या उभ्या शिवणी स्पष्ट दिसायला लागतात. अशा बोंडाला नुसतं बोट लागलं की ते फुटतं. त्याची पाच सालं एकदम आत वळून गुंडाळतात आणि त्या झटक्याने बिया चहूकडे उडतात. तळहातावर ठेवून फोडलं तर हातात एखादी जिवंत अळी वळवळल्यासारखं वाटतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं संपलेलं असतं. लहानपणी आम्ही शाळेतून येताना हाच खेळ खेळायचो. आज कळतं, की दर वर्षी आम्ही त्या रस्त्याने तेरडा पेरत जात होतो.

म्हणून बोंड तोडायला जाऊ नका, आधी अख्खं मुठीत घ्या. मूठ बंद झाली की हलकं दाबा. बोंड मुठीतच फुटेल आणि बिया तुमच्याकडे राहतील. घरच्या झाडांवर मी मलमलीच्या कापडाच्या छोट्या पिशव्या बांधते. बोंड आपल्या वेळेला फुटतं आणि बी पिशवीत पडतं. पक्व बी तपकिरी, गोलसर, मोहरीपेक्षा थोडं मोठं. पांढरं किंवा फिकट हिरवं निघालं तर ते कच्चं, ते उगवत नाही.

बी आठवडाभर सावलीत कागदावर पसरून वाळवा. पहिल्या वर्षी मी ते तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली होती. दिवाळीनंतर उघडलं तर आत घाम आणि बियांवर बुरशी. आता कागदाची पुडी करते, वर जागा आणि तारीख लिहिते, आणि सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या कपाटात. फ्रिजची गरज पडत नाही.

पेरणी: दिनदर्शिका घेऊन बसा

बहुतेकांचं चुकतं ते इथे, आणि माझंही चुकलं होतं. उत्साहाच्या भरात मी एका वर्षी मार्चअखेरीस बी पेरलं. नळाचं पाणी होतं, रोपं उगवली. मे महिन्याच्या उन्हात दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पाणी दिलं की उठायची. जूनमध्ये बारकी फुलं आली, जुलैत बोंडं फुटली, आणि गौरी आल्या तेव्हा कुंडीत वाळलेल्या काड्या होत्या.

तेरड्याला बी पडल्यापासून फूल यायला साधारण ६० ते ७५ दिवस लागतात. ढगाळ पावसाळ्यात, अर्ध्या सावलीच्या गॅलरीत, ७५ धरूनच चाला. दिनदर्शिकेत ज्येष्ठागौरी आवाहनाची तारीख पाहा आणि तिथून ७५ दिवस मागे मोजा. गौरी ऑगस्टअखेर असतील तर पेरणी जूनच्या मध्याला येते. अधिक मासामुळे गौरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या असतील तर जुलैचा पहिला आठवडा. मी दोन हप्ते करते. पहिला मृगात, पाऊस नीट लागल्यावर, आणि दुसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी. एक हप्ता पुढेमागे झाला तरी दुसरा हाताशी असतो.

माती अशी हवी की पाणी थांबणार नाही, पण ओल टिकेल. ओढ्याकाठची जमीन आठवा. वरून पाणी वाहून जातं, खाली पालापाचोळा कुजून मऊ झालेला असतो. मी दोन भाग साधी बागेची माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू घेते. लाल माती मिळाली तर उत्तम. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, पावसात ते स्पंजासारखं भिजून बसतं आणि मुळं सडतात.

बी पसरट ट्रेमध्ये किंवा जुन्या टोपलीत पेरा. बोटाने अर्धा सेंटिमीटर खोल रेघ ओढा, दोन बियांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा, वरून चाळलेली माती भुरभुरवा. पाणी झारीने. ट्रे थेट पावसाखाली ठेवू नका, एका जोरदार सरीत सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. वळचणीखाली, उजेड येईल अशा जागी ठेवा. सात ते चौदा दिवसांत दोन जाडसर, गोल बीदलं, म्हणजे बियेतून निघणारी पहिली पानं, वर येतात.

या वयात रोपांना खरा धोका ओलीचा. दाट पेरणी, हवा खेळत नाही, माती सतत चिकचिकीत, असं झालं की रोपं जमिनीलगत पाणचट होऊन एका रात्रीत आडवी पडतात. आडवी पडलेली वाचत नाहीत. ती काढून टाका, बाकीची विरळ करा, आणि मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी देऊ नका.

पुनर्लागवड

खरी पानं चार झाली, रोप चार बोटं उंच झालं, की ते हलवायच्या वयाचं. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. तेरड्याचं खोड म्हणजे पाण्याने भरलेली नळी, चिमटीत धरलं की तिथे काळं पडतं. म्हणून रोप पानाला धरून उचला आणि खालून चमच्याने मातीसकट काढा. पान गेलं तर दुसरं येतं, खोड गेलं तर झाड गेलं.

आठ-दहा इंची कुंडीत एकच झाड. जमिनीत लावत असाल तर दोन झाडांत वीत-दीड वीत अंतर. जागा सकाळचं चार-पाच तास ऊन मिळणारी. पूर्ण सावलीत झाड नुसतं उंच, लेचंपेचं वाढतं.

खत जपून द्या. शेणखताची एक मूठ लावताना, आणि कळ्या दिसू लागल्या की पुन्हा एक. युरिया किंवा तत्सम काही देऊ नका. पानं एवढी माजतात की बेचक्यातली फुलं दिसतच नाहीत. शेंडा खुडावा का, असं मला बरेच जण विचारतात. खुडला तर झाड फांद्या फोडतं आणि भरगच्च होतं, पण फुलं पुढे ढकलली जातात. गौरीसाठी सरळ, उंच झाड हवं, तेव्हा खुडू नका. नुसत्या शोभेसाठी असेल तर पाच-सहा पानांवर खुडायला हरकत नाही.

पाऊस आठवडाभर दडी मारतो तेव्हा कुंड्यांकडे लक्ष ठेवा. दुपारी पानं लोंबली म्हणून घाबरू नका. संध्याकाळपर्यंत ती आपोआप उभी राहिली नाहीत तर पाणी द्या.

किडे आणि रोग

गोगलगायी रात्रीत कोवळी रोपं फस्त करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. पावसाळा ओसरता ओसरता पानांवर पांढरी भुरी येते. गौरी होऊन गेल्यावर आली तर मी काही करत नाही, झाडाचं वय झालेलं असतं. आधी आली तर ती पानं काढते आणि कुंड्या एकमेकींपासून लांब ठेवते.

एखाद्या सकाळी पानं देठापर्यंत खाल्लेली दिसतील आणि जवळच बोटाएवढी अळी सापडेल, शेपटीवर काटा आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली. ती हॉक मॉथची अळी. काटा टोचत नाही. तेरडा हे तिचं ठरलेलं खाणं आहे, आणि तिचा पतंग संध्याकाळी फुलांपुढे हवेत तरंगत मध पितो. ती मारू नये असं मला मनापासून वाटतं. मी एक झाड तिच्यासाठी म्हणूनच जास्त लावते आणि सगळ्या अळ्या उचलून त्याच्यावर सोडते.

फुलं आल्यावर

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाड खालून वर फुलत जातं आणि महिनाभर तरी रंग टिकवतं. या दिवसांत रोज सकाळी एकाच फुलाकडे पाहा. नव्या फुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला पांढरट टोपी दिसेल. ते एकमेकांना चिकटलेले पाच पुंकेसर. नळीतल्या मधासाठी आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला तिथून पराग लागतो. एक-दोन दिवसांत ही टोपी अख्खी गळून पडते आणि तिच्या खाली झाकलेलं हिरवं, टोकदार स्त्रीकेसर उघडं होतं. आता हेच फूल दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार असतं. आधी द्यायचं, मग घ्यायचं. स्वतःचाच पराग स्वतःवर पडू नये म्हणून झाडाने केलेली ही सोय आहे. टोपी गळालेल्या फुलाला सुताने खूण करून ठेवलीत, तर पुढे तिथेच बोंड धरलेलं सापडेल.

एक काळजी इथेच घ्या. बाजारात गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांच्या तेरड्याची पाकिटं मिळतात. तीही याच जातीतून माणसाने निवडून काढलेली आहेत, त्यामुळे त्यांचा रानतेरड्याशी संकर होतो. तुमचं घर डोंगराजवळ, ओढ्याजवळ असेल तर भरगच्च वाण लावू नका. आणि कुठलंही उरलेलं बी ‘निसर्गात वाढू दे’ म्हणून पठारावर किंवा घाटात उधळू नका. बी उधळण्याचे परिणाम मोठे होऊ शकतात. हिमालयातला इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा, पुरुषभर उंचीचा, हाही ओढ्याकाठचा वर्षायू तेरडाच. १८३९ साली तो बागेतलं फूल म्हणून ब्रिटनला नेला. तिथे तो नदीकाठांवर असा पसरला, की २०१७ पासून युरोपीय संघाच्या आक्रमक परदेशी प्रजातींच्या यादीत आहे. त्याची बोंडं सात मीटरपर्यंत बी फेकतात, आणि हिवाळ्यात झाडं मेली की उघडा पडलेला काठ पाण्याबरोबर वाहून जातो. लंडन-बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्यांनी नदीकाठचं ते गुलाबी फूल गौरीसाठी घरी आणून लावू नये. आपल्या तेरड्याचं बी कुंडीत लावावं.

गौर काढताना

आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घाला. सकाळी माती सैल झालेली असते. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट सरकवून काढा, ओढू नका. गोळा पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवला की माती आपोआप सुटते आणि केसांसारखी बारीक मुळंसुद्धा तुटत नाहीत. गौरीची पावलं अशी अखंड निघाली की आजी त्यांना हळदकुंकू लावायची. मीही लावते. पाच-सात झाडं सुती दोऱ्याने सैल बांधा आणि मुळं तांब्यातल्या पाण्यात बुडतील अशी ठेवा. कोरड्या सुपात ठेवायची रीत असेल तर मुळांभोवती ओलं फडकं गुंडाळा, वर साडी नेसवली की ते दिसत नाही. रोज पाणी बदललं तर पूजनाच्या दिवशीही पानं ताठ राहतात.

आमच्या इमारतीतल्या एका काकू मुळं बाहेर काढतच नाहीत. कुंडीसकट झाड आणतात, कुंडीलाच साडी नेसवतात, मुखवटा वर बांधतात. तुमच्या घरच्या रीतीत बसत असेल तर हा सगळ्यात चांगला मार्ग. झाडाला धक्का लागत नाही आणि पुढे बी नक्की धरतं.

विसर्जनानंतर

विसर्जन करून आणलेली झाडं मी टाकत नाही. फुलं आणि खालची अर्धी पानं काढते, आणि खोडाची खालची दोन पेरं मातीत जातील इतकी खोल पुन्हा लावते. पेरांवर नवीन मुळं फुटतात. आठवडाभर सावलीत ठेवायचं. सगळी जगत नाहीत, पण गेल्या वर्षी सातातली चार जगली आणि त्यातल्या तिघांनी बोंडं धरली. शिवाय दोन-तीन झाडं गौरीसाठी न काढता मुद्दाम बियाण्याला राखलेली असतातच. त्यांच्यावर घटस्थापनेच्या सुमारास मलमलीच्या पिशव्या चढतात.

दिवाळीपर्यंत खोडं पिवळी पडून आपणहून कोसळतात. ती तुकडे करून त्याच कुंडीत दडपा, आठ दिवसांत विरून जातात. कुंडीतली माती मात्र टाकू नका. पिशव्या बांधायच्या आधी फुटलेल्या बोंडांचं बी तिच्यात पडलेलं असतं. कुंडी कोरडी करून कोपऱ्यात सरकवून ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसात बाहेर काढा. डब्यातल्या पुड्या उघडायच्या आधीच त्या मातीत दोन-दोन गोल बीदलं वर आलेली असतील.